अनुक्रमांक एकोणीस : पिल्लं, नग बेचाळीस

एका जंगलात एक शाळा होती. हसताय काय? जंगलात नेते असू शकतात, तर शाळा का असू नये? मांड्या घाला आणि नीट बसा. मागच्यांनी कुजबुज थांबवा, नाहीतर मी अजगराचा भाग आधी सांगून मोकळा होईन.

तर शाळा होती एका जांभळीखाली. पुढे एक अंगण, मागे एक अंगण, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि एक फाटक. पटावर बेचाळीस पिल्लं होती. सशांची, हरणांची, मुंगसांची, आणि एक खवलेमांजराचं. त्याचं नाव गुंडू. खवलेमांजर तुम्ही कशाला पाहिलं असेल? त्याच्या अंगभर खवले असतात, आणि घाबरलं की ते स्वतःला गुंडाळून गोळा होऊन बसतं. मग कितीही हाका मारा, उलगडत नाही. आमचा गुंडू तर फळ्यावर भागाकार आला तरी गोळा व्हायचा.

मुख्याध्यापिका होत्या टिटवीबाई. बाईंचा आवाज मोठा. वारा जरा जोरात सुटला, पान जरा जास्त हललं, की बाई ओरडल्याच म्हणून समजा. सगळं जंगल म्हणायचं, या बाईंना उगाच घाबरायची सवय आहे. म्हणणारे सगळे झाडावर राहणारे. टिटवी अंडी घालते जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. तिने घुबडासारखं निवांत बसून कसं चालेल?

रोज संध्याकाळी बाई फाटकात उभ्या राहून पिल्लं मोजायच्या. बेचाळीस भरली की मगच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा.

शाळेला शिपाई होता, साळोजी नावाचा साळिंदर. स्वभावाने मऊ, अंगाने काटेरी. त्याचा एखादा काटा गळून पडला की बाई त्याची लेखणी करायच्या.

एके दिवशी शाळेत राजाच्या कचेरीतून पत्र आलं. आजवर शाळेला कचेरीचं पत्र आलं की त्यात खुलासा मागितलेला असायचा. हे पत्र वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं, येत्या निवडणुकीसाठी आपली शाळा संवेदनशील म्हणून घोषित करण्यात येत आहे, योग्य ती तयारी ठेवावी.

साळोजीचा आनंद गगनात मावेना. त्याचं असं झालं होतं, की मागच्या हंगामात तपासणीला आलेले बगळेसाहेब शेरा देऊन गेले होते, "पिल्लं हुशार आहेत, पण संवेदनशील व्हायला हवीत." तेव्हापासून बाई दर शनिवारी पिल्लांना जखमी फुलपाखरू दाखवायला न्यायच्या. ससे तर इतके तयार झाले होते, की पान गळलं तरी रडायचे. साळोजी म्हणाला, बाई, बघा, केलेल्या कष्टाचं चीज झालं.

बाईही फसल्या. हसू नका बाईंना. उभ्या नोकरीत ज्यांना कौतुकाचं एक पत्र आलं नाही, त्या काय करतील? त्यांनी फाटकाला तोरण लावलं, पिल्लांना मूठमूठ जांभळं वाटली आणि स्वागतगीत बसवलं.

मतदानाच्या आदल्या सकाळी आठ रानकुत्रे आले. सगळे उंच, सगळे गंभीर. पिल्लांनी स्वागतगीत सुरू केलं. रानकुत्र्यांच्या हवालदाराला आयुष्यात कोणी गाणं म्हणून दाखवलं नव्हतं, त्यामुळे तो पहिलं कडवं संपेपर्यंत सावधानमध्ये उभा राहिला. मग त्याने विचारलं, इथे संवेदनशील नेमकं काय आहे? बाईंनी अभिमानाने एक ससुला पुढे केला. हवालदाराने त्याला वरून खाली न्याहाळलं आणि वहीत त्याचं वर्णन लिहून घेतलं. वर्णनापुढे त्याने लिहिलं, संशयित.

मागोमाग घोरपडसाहेब आले. हे निवडणूक अधिकारी. घोरपड एकदा कशाला चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. हे साहेब नियमाला चिकटलेले होते. त्यांनी तोरण पाहिलं, जांभळांच्या बिया पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. संवेदनशील म्हणजे मारामारी होण्याची शक्यता असलेलं केंद्र, असं त्यांनी समजावून सांगितलं. मागच्या निवडणुकीत रानडुकराचे आणि तरसाचे कार्यकर्ते इथेच भिडले होते, आणि त्यात दोन कान नि एक शेपूट गेलं होतं.

साळोजीने गुपचूप तोरण उतरवलं. बाईंचा चेहरा पार उतरला. पण बाई त्या बाईच. त्या म्हणाल्या, मग उद्या शाळेला सुट्टी द्या.

साहेब म्हणाले, सुट्टी नाही. पिल्लांचं नुकसान होऊ नये असा महाराजांचा हुकूम आहे. पुढच्या अंगणात मतदान, मागच्या अंगणात शाळा. दोन्ही कामं एकदम होतील.

बाई म्हणाल्या, बरं, मग मी पिल्लांजवळून हलणार नाही. साहेबांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. उद्या बाईंची नेमणूक पुढच्या अंगणात होती, मतदारांच्या नखाला शाई लावायला. तिसऱ्या कागदावर साळोजीचं नाव होतं. त्याला रांग सरळ ठेवायची होती.

बाईंनी मग सगळ्यात शेवटी जे विचारायचं तेच विचारलं. मतदानाला सगळे येणार? अजगरआबासुद्धा?

अजगरआबा म्हणजे जंगलातले ज्येष्ठ नागरिक. बोलायला फार गोड. एरवी त्यांना कुंपणाच्या आत प्रवेश नव्हता. काही वर्षांमागे ते एकदा मधल्या सुट्टीत शाळा बघायला आले होते. त्यानंतर उंदरांचा वेगळा वर्ग भरवायची गरज राहिली नाही.

"मतदाराला अडवता येत नाही, बाई," साहेब म्हणाले.

मग हे आठ रानकुत्रे कशासाठी आणले, असं बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, साहित्याच्या रक्षणासाठी. आणि त्यांनी साहित्याची यादी उलगडली. मतपेटी एक. शाईच्या बाटल्या दोन. लाखेच्या कांड्या चार. टाचण्या शंभर. कंदील एक. कागदांवर ठेवायचा दगड एक. असे अठरा अनुक्रमांक होते, आणि प्रत्येकापुढे नग लिहिलेले. संध्याकाळी यातला प्रत्येक नग मोजून घ्यायचा होता. एक जरी कमी भरला तर चौकशी. मागे एका पाणकोंबड्याच्या हिशेबात एक टाचणी कमी आली होती, तर त्याची बदली जिथे पाणीच नाही अशा भागात झाली. हे सांगताना साहेबांच्या जिभेची दोन्ही टोकं थरथरली.

"आणि माझी पिल्लं?" बाई म्हणाल्या.

"पिल्लं यादीत नाहीत."

मुलांनो, साहेब वाईट नव्हते हं. त्यांनाही घरी अंडी होती. पण यादीत नाहीत म्हणजे नाहीत, त्याला ते बिचारे काय करणार?

मग साहेबांनी ती यादी बाईंपुढे सरकवली आणि स्वच्छ अक्षरात नक्कल करून मागितली. जगात कुठेही काही लिहायचं निघालं की ते मास्तरांच्याच गळ्यात पडतं. बाईंनी साळोजीचा एक काटा घेतला आणि जांभळीखाली लिहायला बसल्या. एक ते अठरा लिहून झालं. अठराव्या क्रमांकाशी बाई थांबल्या. मग बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि वळणदार अक्षरात आणखी एक ओळ लिहिली.

साहेबांनी सही केली आणि शिक्का मारला. वाचलं नाही. सगळ्या सह्या वाचून करायच्या म्हटल्या, तर साहेब लोक घरी कधी जाणार?

पण हवालदाराने यादी वाचली. बोट ठेवून वाचली, कारण राखण त्याला करायची होती. वाचत वाचत तो खाली आला आणि त्याने कान टवकारले.

"अनुक्रमांक एकोणीस. पिल्लं, नग बेचाळीस," तो म्हणाला. "हे साहित्य कुठे ठेवलंय?"

बाई म्हणाल्या, मागच्या अंगणात. हवालदाराने तिथल्या तिथे चार रानकुत्रे मागच्या अंगणाला लावले. साहेबांनी चमकून यादी परत घेतली, एकोणिसावी ओळ वाचली, खालची स्वतःची सही पाहिली, शिक्का पाहिला. खोडावं तर शिक्का मारलेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही. त्यांनी यादीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ही गर्दी लोटली. अस्वलं आली, नीलगायी आल्या, माकडं तर रांगेत उभी राहायची सोडून रांगेवरून जाऊ लागली. साळोजी एकेकाला हळूच टेकायचा, की रांग आपोआप सरळ. बाई शाई लावत होत्या. एक नख रंगवायचं आणि मान वळवून मागच्या अंगणाकडे बघायचं, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. मागे पिल्लं पाढे म्हणत होती आणि चार रानकुत्रे चार कोपऱ्यांत उभे होते.

दहाच्या सुमारास अजगरआबा आले. रांगेत त्यांच्या पुढे आणि मागे बरीच मोकळी जागा होती. नख नसल्यामुळे बाईंनी त्यांच्या शेपटीच्या टोकाला शाई लावली. मत देऊन झाल्यावर आबा बाहेर जायचे सोडून डावीकडे वळले आणि सावकाश मागच्या अंगणात निघाले.

हवालदार आडवा आला. साहित्याला हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं.

"अरे बाळा, मला हात आहेत का?" आबा गोड आवाजात म्हणाले.

हवालदार गोंधळला. हे उत्तर त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, तर मग तोंडही लावायचं नाही. आबांनी त्याला लोकशाहीवर बरंच काही ऐकवलं. एकोणीस नंबरचं साहित्य आहे, एवढंच हवालदार पुन्हापुन्हा सांगत राहिला. शेवटी आबा कुरकुरत फाटकाबाहेर गेले आणि सावलीत वेटोळं घालून पडले.

दुपारी व्हायचं तेच झालं. तरसाला मागच्या अंगणात जाऊन पिल्लांसोबत उभं राहायचं होतं, कारण पिल्लांसोबत उभा राहिलेला उमेदवार प्रेमळ दिसतो. त्याला रानकुत्र्यांनी परत पाठवलं. हे बघून रानडुकराचे कार्यकर्ते हसले. मग तरस हसला. तरसाचं हसणं तुम्ही ऐकलेलं नाही ते बरं आहे. हसण्यावरून ढकलाढकली झाली, धूळ उडाली, त्यात वावटळ आली आणि साहेबांच्या टेबलावरचे कागद उडायला लागले. साहेबांनी धुळीत चाचपून जे हाती लागलं ते उचललं आणि कागदांवर दाबून ठेवलं. रानकुत्र्यांनी दोन्हीकडच्यांना पांगवलं. बाईंनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

सूर्य कलला, मतदान संपलं. पेटीला लाख लागली. आता साहित्य मोजायचं राहिलं होतं, ते साहेब स्वतः मोजत होते. पेटी एक, आहे. शाई दोन, आहे. टाचण्या शंभर, त्यातली एक हवालदाराच्या पंजात रुतलेली निघाली, म्हणजे शंभर भरल्या. मग एकोणीस. पिल्लं एका ओळीत उभी केली. साहेब मोजत गेले आणि शेवटाला येऊन थांबले.

एक्केचाळीस.

पुन्हा मोजली. उलट बाजूनेही मोजली. एक्केचाळीसच. गुंडू, एवढंच बाई म्हणाल्या, तेही बसलेल्या घशातून. आयुष्यभर ओरडलेल्या बाईंना ओरडायची वेळ आली तेव्हा आवाजच नव्हता.

पण मुलांनो, त्या दिवशी बाईंच्या जागी साहेब ओरडले. एक नग कमी, असं ते ओरडले, आणि जंगलात कधी झाली नव्हती अशी धावपळ झाली. फाटक बंद. पेटीची गाडी थांबवा. कोणी घरी जायचं नाही. आठही रानकुत्रे वास घेत सुटले. मघाशी एकमेकांचे कान ओढणारे डुक्कर आणि तरस दोघांनी मिळून एक ओंडका उलटला, कारण नग सापडेपर्यंत पेटी जाणार नव्हती आणि पेटी जाईपर्यंत निकाल लागणार नव्हता. अजगरआबांना हवालदाराने सरळ झोपायला लावलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपून पाहिलं. आबांचा फार अपमान झाला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही असं ते म्हणाले, आणि ते खरं निघालं.

गुंडूची आई फाटकाबाहेर येऊन उभी होती. तिच्याकडे बघायचं बाईंना धाडस होईना.

तेवढ्यात साहेब टेबलाशी थबकले. ते मघापासून यादीची बेरीज करत होते. त्यांनी दोनदा ताळा केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, काळजी नको," ते म्हणाले. "एकूण नग बरोबर भरतात. पिल्लांमध्ये एक कमी आहे, पण दगडांमध्ये एक जास्त आहे. यादीत दगड एक, टेबलावर दोन."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. कागदांच्या एका गठ्ठ्यावर सकाळचा गुळगुळीत दगड होता. दुसऱ्या गठ्ठ्यावर खवल्याखवल्यांचा दगड होता. आणि तो दुसरा दगड हळूहळू वरखाली होत होता.

बाई टेबलावर उतरल्या. त्यांनी चोच त्या दगडाजवळ नेली आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाल्या, "गुंडू, शाळा सुटली."

दगड उलगडला. आधी नाक आलं, मग दोन डोळे आले. तरस हसला तेव्हा गुंडू जो गोळा झाला, तो उतारावरून घरंगळत रानकुत्र्याच्या पायांमधून थेट साहेबांच्या टेबलाखाली आला होता. दुपारभर तो मतदारयादीवर बसून होता आणि त्याच्यामुळे एकही कागद उडाला नव्हता. त्याने भोवती बघितलं. रानकुत्रे, अस्वलं, डुक्कर, तरस, सगळे धापा टाकत उभे होते.

"बाई, हे सगळे मला शोधत होते?" त्याने विचारलं.

बाईंना रडू आवरेना. त्यांनी मान हलवली. साहेबांनी त्याच्या डोक्यावरून पंजा फिरवला आणि म्हणाले, हो रे बाळा, तू कमी भरत होतास.

मग साहित्य परत देण्याचं काम सुरू झालं. साहित्य दिलं की पोच घ्यावी लागते, म्हणून फाटकाशी प्रत्येक आईचा ठसा घेतला. मिळालं, नग एक, सुस्थितीत. हरिणीला दोन पिल्लं होती, तिच्या पोचेवर लिहिलं, नग दोन, पैकी एक चिखलाने माखलेला. गुंडूच्या आईने ठसा दिला आणि नग छातीशी धरून घरी गेली. पोचांवरचे नग बेचाळीस भरले तेव्हा बाईंच्या जीवात जीव आला. त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या.

निवडणूक कोण जिंकलं, हे विचारू नका. तो भाग मला आठवत नाही आणि जंगलालाही आठवत नाही.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली, पुन्हा पत्र आलं. यावेळी साळोजीने ते उघडायच्या आधी तोरण लपवून ठेवलं. पत्रात लिहिलं होतं, मागील निवडणुकीत आपल्या केंद्रावर एकाही पिल्लाला इजा झालेली नाही. सबब आपली शाळा आता संवेदनशील राहिलेली नाही, आणि यंदा एकच रानकुत्रा मिळेल, तोही फक्त साहित्यासाठी. सोबत यादी नक्कल करायला जोडली होती, कारण बाईंचं अक्षर चांगलं होतं. अठराव्या क्रमांकाखाली कचेरीने ठळक टीप छापली होती, की यापुढे यादीत पिल्लं लिहू नयेत.

साळोजीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी मात्र त्याच्याकडून एक काटा मागून घेतला. पट आता एक्कावन्नचा झाला होता. बाईंनी टीप नीट वाचली, दोनदा वाचली, आणि तिच्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं. अनुक्रमांक एकोणीस, कागदांवर ठेवायचे दगड, नग एक्कावन्न. मग थोडा विचार करून आणखी एक ओळ लिहिली. अनुक्रमांक वीस, राखीव दगड, नग दोन, पैकी एक काटेरी.

घोरपडसाहेब आले. यावेळी त्यांनी यादी सही करण्याआधी वाचली. शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे एक्कावन्न दगड पाढे म्हणत होते. साहेबांनी सही केली आणि शिक्का मारला.

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका, गुणी व्हा, संवेदनशील व्हा, सगळं व्हा. पण शाळेत मतपेटी येईल त्या दिवशी आधी दगड व्हा. दगड हरवला तर साहेबांची बदली होते.